गणसंख्येअभावी तहकूब

आमच्या पडवीत सहा माणसं बसून चहा प्यायची, सातवा बाहेर कडुनिंबाखाली बसायचा, आणि याला ते लोक सभा म्हणायचे. मी म्हणत नव्हते. मी काय म्हणत होते ते त्यांच्या तोंडावर सांगितलंय, आणि आमच्या ह्यांना तर रोज सांगितलंय.

हे म्हणजे उद्धवराव. नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यावं, पण इथं किती उखाणे घालत बसू? तर उद्धवराव चिंचवडच्या सोसायटीत चिटणीस होते आणि त्यांना हुतूतूचं वेड होतं. स्वतः खेळायचं नाही, काठीसारखे पाय, पण पंच म्हणून उभं राहायला आवडायचं. तेव्हा पिंपरीला औषधाचा सरकारी कारखाना नुकता उभा राहत होता. कुठून कुठून माणसं कामाला आलेली. जत्रेत त्यांचे संघ, गावांचे संघ, सगळे उतरायचे आणि प्रत्येक गाव आपला पंच बरोबर आणायचं. मग काय होणार? एकदा भोसरीला खेळाडू राहिले बाजूला आणि दोन पंचांचीच जुंपली. एकानं दुसऱ्याचं धोतर फेडलं. तेव्हा हिंदुराव म्हणाले, "आता बास. आपुन पंचांचंच मंडळ काढू. पंच गावाचा न्हाई, मंडळाचा."

हिंदुराव भोसरीचे. एकेकाळचे पैलवान, घरी मोठी बागायत, शब्दाला वजन. ते अध्यक्ष झाले, आमचे हे चिटणीस. वेगवेगळ्या गावचे आणखी चौघे. आणि सातवे मीरासाहेब.

मीरासाहेब आमचे शेजारी. मुंबई रस्त्याला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मला वहिनी म्हणायचे, मी भावजी म्हणायची. हुतूतूत चढाईला गेलेल्या गड्यानं एका दमात हुतूतू घुमवत परत यायचं असतं. मध्येच दम सुटला की गडी बाद. तो दम ऐकायचं काम पंचाचं. बाकीचे पंच रेघेवर उभे राहून ऐकायचे. मीरासाहेब मात्र कमरेत वाकून गड्याच्या बाजूनं पळायचे, कान त्याच्या तोंडाकडं. लोक हसायचे. पण त्यांनी बाद म्हटलं की बाद झालेला गडीसुद्धा हुज्जत घालायचा नाही.

मंडळाची घटना आमच्या पडवीतच लिहिली गेली. चहा मी करत होते, म्हणून मला सगळं माहीत आहे. ह्यांनी सोसायटीचे नियम समोर ठेवले आणि त्यावरून एकेक कलम पाडायला घेतलं. हिंदुरावांनी एक कलम घातलं, "पंचावर तक्रार आली तर निकाल लागेतोवर त्यानं मैदानात बी पाय ठेवायचा न्हाई आन् सभेत बी न्हाई." सगळे म्हणाले, वा वा. मग मीरासाहेब म्हणाले, "माझंबी एक घ्या. गावकी बसायची तेव्हा एक पंच जरी कमी असला तरी उठायची. मागं कुणी म्हणायला नको, मी नव्हतो. तसं करा. सगळे पंच असल्याशिवाय सभा भरवायची नाही, न्यायनिवाडा करायचा नाही." तेव्हाही सगळे म्हणाले, वा वा. ह्यांनी सोसायटीतलं एक कलम वाचून दाखवलं, की माणसं पुरेशी जमली नाहीत तर सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करावी आणि मग गणसंख्येची अट नाही. मीरासाहेब हसले. "अर्ध्या तासात खऱ्याचं खोटं होतं का उद्धवराव? काढा ते." काढलं.

आता तुम्हाला कळलं असेल. तुम्हाला लगेच कळलं, त्या सात शहाण्यांना कळलं नाही. ज्याच्यावर तक्रार, तो सभेत येऊ शकत नाही. तो आल्याशिवाय सभा होऊ शकत नाही. त्या दिवशी मी बेसनाचे लाडू वाटले होते मंडळाच्या नावानं. जळले मेले ते लाडू.

भोसरीच्याच जत्रेत शेवटचा सामना तळवड्याचा आणि पिंपरीच्या कामगारांचा. कामगारांचा एक गडी ऐनवेळी जायबंदी झाला आणि त्याच्या जागी इम्तियाज उतरला. इम्तियाज म्हणजे रोशनबीच्या बहिणीचा पोरगा. रोशनबी मीरासाहेबांची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं, इम्तियाजला त्यांनीच वाढवलेला. मीरासाहेब हिंदुरावांना म्हणाले, "मला बदला, घरचं पोर खेळतंय." हिंदुराव म्हणाले, "आता कुठनं आनू दुसरा? तुमच्यावर इस्वास हाय, उभं ऱ्हावा."

शेवटची चढाई इम्तियाजची. त्यानं गडी शिवला आणि परत फिरला तर तळवड्याच्या तिघाचौघांनी त्याला धरून खाली घातला. माणसांचा ढीग. त्या ढिगाखालून त्याचा हात सरकत सरकत रेघेला लागला. मीरासाहेबांची शिट्टी वाजली, कामगारांनी इम्तियाजला डोक्यावर घेतलं, सामना त्यांनी जिंकला. तळवड्याची माणसं ओरडत होती, "दम कवाच सुटला हुता! भाच्यासाठी केलं!" गर्दीत कुणाचं काही कुणाला ऐकू येत नव्हतं.

तळवड्याच्या संघाचे कारभारी रंगराव. तापट माणूस. ते जत्रेतून तडक आमच्याकडं आले, पडवीत बसून तक्रार लिहून दिली. ह्यांनी शिक्का मारला. रंगराव उठून गेले आणि थोड्या वेळानं मीरासाहेब आले. अंगावर अजून मैदानाची माती होती. म्हणाले, "उद्धवराव, मला बोलायचंय."

हे उठून दारात आडवे उभे राहिले. "मीरासाहेब, आत येऊ नका. तक्रार दाखल झालीय. आता जे बोलायचं ते सभेत."

"ऐकून तर घ्या."

"मी ऐकलं तर पक्षपात होईल. आपलाच नियम आहे."

मीरासाहेब म्हणाले, "बरोबर आहे. सभेत बोलतो." आणि गेले. त्यांनाही ते बरोबरच वाटलं होतं, हेच माझं दुखणं आहे. एखादा लबाड माणूस असता तर ढकलून आत आला असता.

मग सुरू झाल्या सभा. महिन्याचा पहिला रविवार. सहाजण यायचे. मीरासाहेब धुतलेला सदरा घालून यायचे आणि रस्त्यापलीकडं कडुनिंबाखाली बसायचे, कारण सभेच्या जागी पाय ठेवायचा नव्हता. हे हजेरी घ्यायचे, सहा भरायची. मग खाकरून म्हणायचे, "गणसंख्येअभावी सभा तहकूब." मग चहा. मी एक कप रस्त्यापलीकडं घेऊन जायची. मीरासाहेब विचारायचे, "वहिनी, झाली का?" मी म्हणायची, "नाही झाली भावजी." ते चहा प्यायचे आणि कप स्वतः विसळून द्यायचे.

मला वाटलं, दोन महिने चालतील ही थेरं, मग एखादा तरी म्हणेल की मरू दे तो नियम. कुठलं काय! हे पंच लोक. शिट्टी वाजली की वाजली, यात ज्यांची हयात गेली, ते आपल्याच घटनेला कसे हात लावतील? घटना बदलायची म्हणजे सभा पाहिजे. नवा पंच घ्यायचा म्हणजे सभा पाहिजे. पुण्याच्या वरच्या मंडळाला विचारलं, त्यांनी कळवलं, आपल्या घटनेप्रमाणे करावे. घोडं तिथंच पेंड खात होतं.

एका पावसाळ्यात रंगराव आपणहून आले. राग उतरला होता. "सायेब," ह्यांना म्हणाले, "तवा डोक्यात राख गेली हुती. दम सुटला का न्हाई, मी कुठं ढिगाखाली शिरून बघितलं? त्यो मानूस झाडाखाली बसतो ते मला बघवना. माजी तक्रार मागं घ्या."

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यापुढं खाली वाकायचीच राहिले होते. आणि आमचे हे काय म्हणाले? म्हणाले, "घेतो ना. पण तक्रार मागे घेण्याचा अर्ज सभेपुढे ठेवावा लागेल."

रंगरावांनी तोंडात मारल्यासारखं बघितलं. "आन् सभा कवा हुनार?"

ह्यांनी खाली मान घातली. रंगराव बाहेर जाऊन मीरासाहेबांच्या दुकानात बसले, हात जोडले म्हणे. मीरासाहेब त्यांना म्हणाले, "तुम्ही कशाला हात जोडता रंगराव? मला सभेत एवढं एक बोलू द्या, मग सगळं निवळेल." रंगरावांना वाटलं, मोठ्या मनाचा माणूस. मलाही तसंच वाटलं.

हिंदुरावांनीही एक वाट काढली होती. म्हणाले, "मीरासाब, राजीनामा द्या. मंग आमी सहाच उरतो, सभा हुती. तुमाला सोडवतो आन् तिथल्या तिथं परत घेतो." मीरासाहेबांनी नाही म्हटलं. "राजीनामा देणारा पळाला असं होतं. आणि मी सभासद नसलो तर तुम्ही मला बोलू द्याल का?" ह्यांनी घटना चाळली. नाही. सभासद नसलेल्याला सभेत बोलता येत नव्हतं.

दोघांच्या घरांमध्ये तुरकाट्यांचं कुंपण होतं, छातीएवढं. सकाळी दोघं दोन बाजूंना दात घासत उभे राहायचे. पाऊसपाणी बोलायचे, भाजी बोलायचे. मी एकदा ह्यांना चांगलं फैलावर घेतलं. "अहो, रोज समोरासमोर उभे असता, विचारा की एकदा! म्हणावं मीरासाहेब, त्या दिवशी काय झालं? एवढं विचारलं तर काय जीभ झडेल?"

"कुंपणावर विचारलेलं इतिवृत्तात येत नाही, सावित्री."

"इतिवृत्ताला लावा काडी! मित्र आहे ना तुमचा?"

"म्हणून तर विचारत नाही," ते म्हणाले. खरंच तसं वाटत होतं त्यांना. रात्री झोप लागायची नाही त्या माणसाला. मीरासाहेबांचं वाईट व्हावं असं त्या सहांतल्या एकालाही वाटत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. वाईट वाटायचं सगळ्यांना. करायचं कुणी काही नाही.

मग मीच विचारलं. चहाचा कप देताना म्हटलं, "भावजी, मला सांगा. मी बाईमाणूस, मला कुठलं कलम लागतंय?" ते हसले, पण डोळे भरून आले होते. "तुम्हाला सांगितलं की मोकळा होईन वहिनी. आणि मोकळा झालो तर पुढच्या रविवारी इथं येऊन बसायचा नाही. ते जिथं सांगायचंय तिथंच सांगू द्या."

दोन जत्रा त्यांच्याविना झाल्या. जत्रेच्या दिवशी ते दुकानाच्या फळ्या लावून आत बसायचे. हवा भरायला आलेली टोळभैरव पोरं म्हणायची, "चाचा, भाच्याच्या चाकात जरा जास्त भरता का?" इम्तियाजनं खेळ सोडला आणि सोलापूरला गिरणीत गेला. मीरासाहेब वाळले. रोशनबी मला म्हणायची, "सावित्रीअक्का, रात्रीचं उठून बसतात. मला समोर बसवतात आणि सभेत कसं बोलायचं ते म्हणून दाखवतात. अध्यक्ष महाराज, म्हणतात मला." आम्ही दोघी हसलो होतो त्यावर. मग हसता हसता ती रडायला लागली.

थंडीचे दिवस होते. मीरासाहेब एका मिलिटरीवाल्याच्या सायकलला पंप मारत होते, छातीत कळ आली आणि पंप धरूनच खाली बसले. लोक धावले तोवर संपलं होतं. ह्यांनी ऐकलं आणि अनवाणी धावत गेले. सहाच्या सहा पंचांनी खांदा दिला. हिंदुरावांसारखा माणूस कबरस्तानाच्या दारात लहान पोरासारखा रडला.

पुढच्या रविवारी दुखवट्याची सभा ठेवली. मी आत चूल पेटवून बसले होते. ह्यांनी हजेरी घेतली. सहा नावं झाली आणि ते थांबले. मग हिंदुराव हळू आवाजात म्हणाले, "उद्धवराव, सगळे आलो की आपुन."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मंडळात आता सहाच पंच होते. सहाच्या सहा हजर होते. सभा भरली होती.

दुखवट्याआधी तुंबलेलं काम घ्यावं, असं कुणीतरी म्हणालं. रंगरावांचा अर्ज वाचला. मग हे उभे राहिले आणि रडत रडत ठराव मांडला, की भोसरीच्या सामन्यात मीरासाहेबांनी दिलेला निर्णय पूर्णपणे बरोबर होता, दम सुटलेला नव्हता, आणि त्यांच्यावरचा आरोप निराधार होता. हिंदुरावांनी अनुमोदन दिलं. एकमतानं मंजूर. मग दोन मिनिटं उभे राहिले सगळे.

वरातीमागून घोडं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. चला, नावावरचा डाग तरी गेला. मी तोंडाला पदर लावून रडले आणि ह्यांच्याबरोबर रोशनबीकडं गेले.

रोशनबी इद्दतीत होती. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस त्यांच्यात बायका घराबाहेर पडत नाहीत. हे बाहेरच्या खोलीत बसले, ती दाराच्या आड. ह्यांनी ठराव शब्दन् शब्द म्हणून दाखवला. म्हणाले, "भाभी, मीरासाहेब निर्दोष सुटले. निर्णय बरोबर होता, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं."

मग ती म्हणाली, "बरोबर नव्हता."

"काय?"

"दम सुटला होता. त्यांनी ऐकला सुटलेला. तेव्हाच शिट्टी मारायची होती. पण पोराचं तोंड मातीत दाबलं होतं, वर चार माणसं. त्यांना वाटलं पोर गुदमरून मरतंय. तिकडंच बघत राहिले. भानावर येऊन शिट्टी मारली तोवर हात रेघेला लागला होता. तळवडं जिंकलं होतं, उद्धवराव. त्याच संध्याकाळी सांगायला आले होते तुमच्याकडं. तुम्ही दारात अडवलंत."

हे उठले आणि परत खाली बसले.

"त्यांना सुटायचं नव्हतं," रोशनबी म्हणाली. "चुकलो म्हणायचं होतं. पंचांपुढं उभं राहून म्हणायचं होतं, म्हणजे तळवड्याला त्यांचा सामना परत मिळेल. दोन वर्षं माझा माणूस तेवढ्यासाठी झाडाखाली बसला. मला कसम घातली होती, सभेआधी बोलू नको म्हणून. आता तुमची सभा झाली. तुम्ही त्यांना खोटं पाडलंत."

हे काहीतरी बोलायला गेले. "भाभी, आता ठराव झालाय... तो फिरवायचा तर नवीन पुरावा, आणि सभासदाचं निवेदन..." आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं बहुतेक. त्या माणसाची इतकी कीव मला कधी आली नव्हती, आणि इतका रागही कधी आला नव्हता.

रोशनबीनं मला आत बोलावलं. माझे दोन्ही हात धरले. "अक्का, मला उंबरा ओलांडता येत नाही. तू जाशील का तळवड्याला? रंगरावांना सांग. एवढं त्यांचं काम राहिलंय."

मी दुसऱ्या दिवशी गेले. ह्यांना विचारलंही नाही. रंगराव मळ्यात मोट हाकत होते. मी बांधावर उभी राहून सगळं सांगितलं, रोशनबीनं सांगितलं तसं. त्यांनी बैल थांबवले, पटका काढून हातात घेतला आणि खालीच बसले.

"म्हंजी मी खरं लिवलं हुतं," म्हणाले. "आन् ते खोटं म्हनून मीच मागारी घेतलं. त्याच्या दयेपायी."

"आता गावात सांगा," मी म्हटलं. "तुमच्या पोरांना सांगा, तुम्ही जिंकला होतात. मीरासाहेबांनी सांगितलंय."

रंगरावांनी पटका तोंडावरून फिरवला. डोळ्यातून पाणी वाहत होतं, पण आवाज शांत होता.

"बाई, माज्यापुरतं पोचलं. पन गावात कसं सांगू? काल सांजच्यालाच मंडळाचा सांगावा आलाय. चावडीवर दवंडी झाली, मीरासाब बरुबर हुता, दम सुटला नव्हता. पोरं म्हनाली, बरं झालं, बिचारा सुटला. आता म्या म्हनलं की न्हाई, त्यो चुकला हुता, तर गाव म्हनंल, रंगराव मेलेल्या मानसावर बी डूख धरून हाय. माजं कोन ऐकंल? मंडळाचा ठराव हाय."

मी तिथंच बांधावर बसले आणि मोठ्यानं रडले. घरी गेल्यावर रोशनबी विचारणार होती, सांगितलंस का. मी हो म्हणणार होते.